झिपरी खारीचे तीन केस

एक होती खार. तिचं नाव झिपरी. शेपटी कशी? झुबकेदार.

एकदा ती चितारीदादाच्या खिडकीत ऊन खात झोपली. उठली. शेपटी चाटली. आणि थबकली.

शेपटीचे तीन केस गायब.

झिपरीने एक डोळा बारीक केला. आत पाहिलं. चितारीदादा चित्र काढत होता. चित्र तळहाताएवढं. हातात नवा कुंचला. कुंचल्याच्या टोकाला तीन केस.

"चितारीदादा, हे केस माझे ना?"

"तुझेच गं. तू झोपलीस, मी कातरले. खारीच्या केसांशिवाय बारीक रेघ येत नाही. पण न विचारता घेतले, चुकलंच माझं. आता तुला चित्रात काढतो."

"नक्की? फसवणार नाहीस ना?"

"नाही. पण रंग संपलाय. काकूने रंग खलला, की काढतो."

झिपरीला काही खरं वाटेना. तरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

काकू दारात बसली होती. पुढ्यात दगडी खल.

"काकू काकू, रंग खल. चितारीदादा मला काढेना."

काकू म्हणाली, "डिंकाशिवाय रंग कागदाला चिकटत नाही. बाभळीने डिंक दिला, की खलते."

"नक्की? फसवणार नाहीस ना?"

"नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाभूळताई बाभूळताई, डिंक दे. काकू रंग खलेना, चितारीदादा मला काढेना."

बाभूळ म्हणाली, "ही शेळी माझा पाला ओरबाडते. तिने मला सोडलं, की देते."

"नक्की? फसवणार नाहीस ना?"

"नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीताई शेळीताई, बाभूळ सोड. बाभूळ डिंक देईना, काकू रंग खलेना, चितारीदादा मला काढेना."

"बें. मग मी खाऊ काय? गवत हिरवं झालं, की सोडते."

"नक्की? फसवणार नाहीस ना?"

"नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"गवतदादा गवतदादा, हिरवा हो. शेळी बाभूळ सोडेना, बाभूळ डिंक देईना, काकू रंग खलेना, चितारीदादा मला काढेना."

गवत करकरलं. "घसा सुकलाय. माळीमामाने पाटाचं पाणी सोडलं, की होतो."

"नक्की? फसवणार नाहीस ना?"

"नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"माळीमामा माळीमामा, पाणी सोड. गवत हिरवं होईना, शेळी बाभूळ सोडेना, बाभूळ डिंक देईना, काकू रंग खलेना, चितारीदादा मला काढेना."

माळीमामाने फावडं टेकवलं. त्यानेही एक डोळा बारीक केला.

"माझ्या भुईमुगाच्या शेंगा कोण पळवतं गं?"

झिपरीने शेपटी तोंडावर ओढली.

"त्या परत आण, की सोडतो. नक्की आणशील? फसवणार नाहीस ना?"

झिपरीचे कान गरम झाले. असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. आतापर्यंत तीच विचारत होती.

"नाही," ती हळूच म्हणाली.

ती ढोलीत गेली. एक शेंग काढली. दुसरी काढली. तिसरी हुंगली. फार गोड वास. तीही काढली. सगळ्या शेंगा मामाच्या पायाशी ठेवल्या.

मामाने शेंगा पाहिल्या. झिपरीला पाहिलं. "आता पुढच्या वेळी मागून घे," म्हणाला.

मग?

मामाने पाणी सोडलं. खळखळ, खळखळ.
गवत हिरवं झालं. सळसळ, सळसळ.
शेळीने बाभूळ सोडली. बें, बें.
बाभळीने डिंक दिला. टप्, टप्.
काकूने रंग खलला. घर्र, घर्र.
चितारीदादाने कुंचला बुडवला. रंगात अलगद.

झिपरी अगदी जवळ बसली. पापणी हलू देईना.

चित्रात आंब्याचं झाड होतं. फांदीवर आला एक ठिपका, तिळाएवढा. ठिपक्याला आले कान. मग आला डोळा. मग आली शेपटी.

"शेपटीत केस कमी आहेत," झिपरी म्हणाली.

चितारीदादाने श्वास रोखला. एक रेघ. दोन रेघा. तीन रेघा.

झिपरीने नाक चित्राला लावलं. खूप वेळ पाहिलं.

"हो," ती म्हणाली, "ही मीच."

खार गेली झाडावर, गोष्ट राहिली ओठावर.