जिवाईचा घास

एका राज्यात भात असा पिकायचा की सुगीत उंदीरसुद्धा निवडून खायचे. तिथला राजा अरिंजय. जन्मला तेव्हा मूठभर जीव. आई बाळंतपणातच गेली. मग रानपल्याडच्या जिवाई नावाच्या दाईनं त्याला दूध पाजलं. दात आल्यावर टोळांचे पंख-तंगड्या खुडून, मिठात भाजून ती चारायची. त्यावर पोरानं बाळसं धरलं.

राज्याभिषेकाला एक पाहुणा राजा हसला, म्हणाला, "किड्यांवर वाढलेला राजा." झालं! अरिंजयाला लाज वाटली, आणि तीही कुणाची, तर भरवणाऱ्या हाताची. टोळ खाईल त्याला देशोधडीला लावीन, अशी त्यानं दवंडी पिटवली आणि जिवाईला तिच्या माणसांसकट वेशीबाहेर घालवलं. तिनं शाप दिला नाही, नुसती रडली. पण वेशीत जिथं तिची आसवं सांडली, तिथून टोळधाड उपजली.

सात वर्षं टोळांनी पीक खाल्लं, राजानं टोळ जाळले. कोठारं रिती झाली. राजाची एकुलती एक लेक केतकी भुकेनं अंथरुणाला खिळली, तिला डोळे उघडवेनात.

एके सकाळी खिडकीत भारद्वाज येऊन बसला. शुभ पक्षी म्हणून राजानं हात जोडले.

"हात जोडतोस, पण माझ्या चोचीत काय आहे ते पाहिलंस?" पक्षी म्हणाला. चोचीत टोळ होता. "यांच्या पोटात तुझंच शेत उडतंय, राजा. अन् तू ते जाळतोस."

मग त्यानं तीन कामं सांगितली. पहाटे दवानं पंख जड असतात, तेव्हा टोळ स्वतः वेचायचे. जिवाईच्या चुलीतला विस्तव आणायचा. आणि भरल्या दरबारात ते भाजून खायचे, कुणी शिकवलं ते सांगायचं.

राजानं शेला भरून टोळ वेचले. रान ओलांडलं. जिवाईचे पाय धरायचे, एवढंच मनात होतं. पण झोपडीत शेजारची म्हातारी होती. जिवाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. चुलीत राखेखाली निखारा मात्र जिवंत होता.

"जाताना म्हणाली, चूल विझवू नका," म्हातारी म्हणाली. "माझं बाळ भुकेलं येईल."

राजा उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला.

दरबारात त्यानं त्या विस्तवावर टोळ भाजले, पहिला घास घेतला. "मी यावर वाढलो," तो म्हणाला. "माझ्या जिवाईनं भरवलं म्हणून."

कुणी हसलं नाही. उपाशी माणसाला कसलं हसू? राजानं केतकीला भरवलं; तिनं दोन घास खाल्ले, पाणी मागितलं, तिसऱ्या घासाला उठून बसली. प्रजा जेवली, उरलेलं कोंबड्यांना घातलं. बाकीची धाड वेशीवर उतरली आणि पाणी होऊन मातीत जिरली. भात पुन्हा पोसवला, जिवाईची माणसं मानानं परत आली.

तेव्हापासून दर सुगीला पहिलं पान जिवाईचं मांडत, आणि राजा त्या पानाशेजारी बसून राही. प्रजा त्याला महाराज म्हणे, केतकी बाबा म्हणे. बाळ म्हणणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.