अर्धं गाणं

इंदुमती घाग यांची प्रभादेवीची चाळ पुनर्विकासासाठी पाडली, तेव्हा बिल्डर जयसिंग भोईटे यांनी तीन वर्षांत नवं घर देतो म्हणून सांगितलं होतं. बांधकाम जोत्यावरच थांबलं. घराची वाट बघत इंदुमतीबाईंचे यजमान संक्रमण शिबिराच्या कोंदट खोलीतच वारले.

पुढे एका वाहिनीवरच्या ज्येष्ठांच्या गाण्याच्या स्पर्धेत बाई अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. स्पर्धेचे प्रायोजक भोईटेच होते आणि त्या दिवशी पाहुणे परीक्षक म्हणूनही तेच बसले होते. बाईंनी ध्रुवपद गायलं, पहिला अंतरा गायला आणि माईक खाली घेतला. वादक गोंधळून थांबले.

भोईटे कॅमेऱ्याकडे बघून हसले. “मावशी, आवाज गोड आहे हो, पण हाती घेतलेलं काम असं अर्ध्यावर सोडू नये. लोक वाट बघत असतात.”

“खरंय साहेब,” बाई म्हणाल्या. “आमची इमारतही अशीच जोत्यावर राहिलीय. माझे यजमान वाट बघता बघता गेले. तुम्ही ती पुरी करा, मी गाणं पुरं करते.”

भोईट्यांचं हसू मावळलं. “आधी गाणं तर पूर्ण करा. इमारतीचं मग बघू.”

“आधी आम्ही चाळ दिली होती ना, साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आता आधी तुम्ही.”

भोईटे उठून गेले, ते परत आले नाहीत. महिन्याभराने कार्यक्रम टीव्हीवर दाखवला, तेव्हा बाईंचं गाणं कापलेलं होतं. पण बक्षीस समारंभात भोईट्यांची रिकामी खुर्ची मात्र सगळ्यांना दिसली.