पाच कोसांचा लगाम

एका राज्यात माणसाची पत कोसांवर ठरत असे. तीस कोस घोडा दौडवणारा पंगतीत राजाशेजारी बसे, पंधरा कोसवाला मधे, आणि पाच कोसवाला दाराशी, चपलांजवळ. चिमाई दाराशीच बसे. तिची भिंगरी घोडी उतारवयाची. पाच कोस झाले की पुरे म्हणायची.

त्या राज्याला शाप होता. राजाच्या आज्याने पैजेपायी एका चेटकिणीचा घोडा पळवून पळवून मारला होता. ती म्हणाली होती, "दर अवसेला तुमचा एक घोडा दगड होईल. माझ्या माळावर तीन झाडं आहेत, तिन्हींवर लगाम टांगलेत. कोणताही एक आणा. पण परत आल्यावर घोडा आपण होऊन पाणी प्याला, तरच शाप सुटेल. नाही प्याला, तर तोही दगड."

पहिले झाड जाऊन-येऊन पाच कोसांचे, त्यावर काथ्याचा लगाम. दुसरे पंधरा कोसांचे, चांदीचा. तिसरे तीस कोसांचे, सोन्याचा. आता काथ्याचा लगाम आणून तोंड कोण दाखवणार?

त्या अवसेला भिंगरीचे शिंगरू दगड झाले. भिंगरी त्याला चाटत उभी राहिली. चाटून चाटून तिची जीभ सोलवटली. ते पाहून चिमाई उठली आणि दरबारात गेली.

तिथे सरदार रणधवल मान खाली घालून बसला होता. त्याने सोन्याचा लगाम आणला होता. पण त्याचा घोडा फेसाळत आला, हौदाकडे नुसता बघत राहिला आणि बघता बघता दगड झाला. चांदीचा लगाम आणणाऱ्याच्या घोड्याचीही तीच गत झालेली.

"आता मी जाते, महाराज," चिमाई म्हणाली.

एवढ्या दुःखातही रणधवलला हसू आले. "पाच कोस? भाकरी निवायच्या आत परत येशील."

"मग गरम खाईन."

माळावर पहिल्या झाडावर एक भारद्वाज पक्षी बसला होता. चिमाईने लगाम काढून घेतला. भारद्वाज म्हणाला, "बाई, पुढे चांदी आहे."

चिमाई उतरली. भिंगरीच्या छातीला कान लावला. "अजून ढोल वाजतोय," म्हणाली, आणि घोडीला सावलीत फिरवू लागली.

छाती निवली. भारद्वाज म्हणाला, "आता तर शांत झाली. पुढे सोनंही आहे."

चिमाईने पुढच्या वाटेकडे पाहिले. मन झाले, खोटे कशाला सांगा! इतकी वर्षे चपलांचा वास घेतलेला. एक पाय रिकिबीत गेला. पण भिंगरीचे कान घराकडे वळलेले होते.

"काथ्या बघून गाव हसेल," भारद्वाज तिसऱ्यांदा म्हणाला. "लाज नाही वाटत?"

"वाटते की. पण लाज माझी आहे, छाती तिची."

भारद्वाज उडून गेला. चिमाईने घोडी घराकडे वळवली आणि शेवटचा चढ लागला तेव्हा उतरून पायी चालली.

गाव हसलेच. राजाने विचारले, "हे काय?"

"लगाम."

"काथ्याचा?"

"चेटकिणीनं सोन्याचाच मागितला होता का, महाराज?"

भिंगरी हौदाशी गेली. तिने पाणी हुंगले. मग तिने तोंड बुडवले आणि घटाघटा प्याली, अगदी नाक फुरफुरवत. ओल्या तोंडानेच ती शिंगराकडे गेली आणि त्याला चाटू लागली. दगडाचा कान हलला. मग शेपूट. मग तबेल्यातले दगड झालेले सगळे घोडे खिंकाळू लागले. रणधवलचा घोडा जागा झाला तो थेट हौदावर गेला.

त्या दिवशी पंगत बसली. राजा म्हणाला, "चिमाई, इथे माझ्याशेजारी या."

"नको. दारातून घोडी दिसते."

राजा आपले पान उचलून दाराशी आला. रणधवलने हाताने चपला बाजूला सारल्या, आणि बसता बसता हळूच विचारले, "मग तीस कोस जायचंच नाही का?"

"जा की खुशाल. पण मधे उतरून कान लावत जा."

तेव्हापासून त्या राज्यात घोडे पाणी प्याल्याशिवाय स्वारांची पाने वाढत नाहीत. किती कोस, ते कोणी विचारत नाही. शिंगरू मोठे झाले आहे, आणि त्याला तीस कोसही थोडे वाटतात.