ठकू गोंदणारणीचा डावा हात

फार फार वर्षांमागची गोष्ट. नांदवेढ्याच्या ओढ्याला तेव्हा बारा महिने पाणी असायचं. एके वर्षी गोंदणाऱ्यांची चार पालं ओढ्याकाठी उतरली, आठ दिवस राहिली आणि पुढे गेली. एक पाल मात्र मागे राहिलं. ते ठकूचं. का राहिलं म्हणाल, तर कुणी सांगतं तिचं गाढव इथं मेलं, कुणी सांगतं नवरा मेला. आमची थोरली आत्या म्हणायची, की तिला इथलं पाणी गोड लागलं. मला आत्याचं पटतं.

ठकूजवळ सामान ते काय? तीन सुया बांधलेली एक काडी, काजळाची वाटी, ते कालवायला पाल्याचा रस आणि वरून लावायला हळद. एवढ्यावर तिनं सगळं गाव गोंदलं. तिचा हात इतका हलका, की लहान पोरं गोंदून घेता घेता झोपी जायची, असं म्हणतात. तिनं ज्याच्या पायावर विंचू गोंदला, त्याला पाहून खरा विंचू वाट सोडून बाजूला व्हायचा, असंही म्हणतात. आता विंचवाला ते गोंदण कसं दिसलं, हे मला विचारू नका. मला सांगितलं तसं मी सांगतो.

आणि गोंदण म्हणजे नुसती हौस नव्हती. माणूस गेलं की डोरलं, पाटल्या, जोडवी, सगळं इथं काढून घेतात. गोंदण तेवढं बरोबर जातं. म्हणून बाया ते जपून, विचार करून काढून घ्यायच्या.

ठकूच्या माहेरी शिकवायची एक रीत होती. शिकणारणीनं आधी दुधी भोपळ्यावर टोचायचं. भोपळ्यावर तुळस नीट उमटली की मग माणसाला हात लावायचा. ठकूची आई तशीच शिकली, ठकूही तशीच शिकली. सुताराची सून राही शिकायला आली, तेव्हा ठकूनं तिच्यापुढेही भोपळे ठेवले. राही हुशार. तीन महिन्यांत तिच्या भोपळ्यांवर मोर नाचायला लागले, बाया मुद्दाम बघायला यायच्या. ठकूची छाती फुगली आणि तिनं राहीला पहिलं माणूस दिलं. पाटलांची सहा वर्षांची सुंदरा.

राहीनं तुळस सुरेख काढली. एक ठिपका इकडचा तिकडे नाही. पण भोपळ्याला टोचावं तसं तिनं पोरीला टोचलं. सुंदरा ओरडत होती आणि राही ठिपके जुळवत होती. तिसऱ्या दिवशी पोरीचा हात कोपरापर्यंत सुजला, अंगात ताप चढला. नऊ दिवस ठकू पाटलांच्या ओट्यावरून हलली नाही. कडुलिंबाच्या पाण्यानं हात धूत राहिली, हळद बांधत राहिली. दहाव्या दिवशी सुंदरानं भाकरी मागितली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

राही ओट्याखाली बसून रडत होती. म्हणाली, "आत्या, माजं काय चुकलं? ठिपकं तर समदं बराबर हायेत."

ठकू म्हणाली, "तुजं न्हाई चुकलं, बाय. माजं चुकलं. भोपळा दचकत न्हाई, आन् मी तुला भोपळ्याम्होरं बसवली."

उरलेले भोपळे तिनं त्याच दिवशी म्हशींना घातले. दुसऱ्या दिवशी राहीसमोर आपला डावा हात धरला आणि म्हणाली, "टोच. मी दचकले की थांब."

गावात बभ्रा झाला. शिकणारणीनं चुकायचं ते भोपळ्यावर चुकावं, जितीजागती बाई आपलं अंग कुठं देते का? पाटलीणबाई स्वतः ओढ्यावर आल्या. "ठकू, हे काय मांडलंयस? हे वेडंवाकडं पुसायचं न्हाई. वर गेलीस की देवाला हाच हात दावणार का?"

ठकू हसून म्हणाली, "दावीन की, वहिनीसाब. म्हणीन, ही माज्या लेकींची पाटी हाय."

मग एकामागून एक शिकायला आल्या. मनगटापासून ठकूचा हात भरत चालला. कुणाच्या मोराची कोंबडी झाली, कुणाच्या विंचवाला सातच पाय आले. ठकू दचकायची, शिकणारी थांबायची, पुन्हा टोचायची. दचकणं कमी होत गेलं की ठकू म्हणायची, "जा आता, तुला माणूस कळलं." अशा सात-आठ जणी तिच्या हातावर शिकल्या.

त्या हातावर एक जागा मात्र तिनं कुणाला दिली नव्हती; ही माज्या आईची जागा, म्हणायची. मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर, चिंचोक्याएवढी. ठकूच्या माहेरी लेक सासरी निघाली की आई तिच्या नाडीवर भेटीची खूण गोंदायची. प्रत्येक घराची खूण वेगळी. वरच्या जगात मायलेकींनी एकमेकींना त्या खुणेनं ओळखायचं. ठकूची आई तिच्या लग्नाआधीच गेली, आणि ती जागा तशीच कोरी राहिली. ठकूनं सासरी जाताना ती झाकून नेली होती आणि अजून जपत होती.

आता गोजराची गोष्ट. गोजरा तेल्याची सून. तिची तीन बाळं पाळण्यातच गेली. त्यानंतर ती दिसली की बाया आपली पोरं उचलून आत न्यायच्या. उघड कुणी काही बोलत नसे, पण पोरं उचललेली तिला दिसायचीच. तिचे हात कापायला लागले. भाकरी थापतानाही कापायचे. एक दिवस ती पालाशी येऊन बसली. ठकूनं सुयांची काडी तिच्या हातात दिली.

"माजा हात कापतो, आत्या."

"कापू दे. जागा लई हाय."

दीड वर्ष गोजरा येत राहिली. खरं सांगतो, तिच्याइतकं वाईट कुणी गोंदलं नसेल. ठिपके मुंग्यांसारखे सैरावैरा. खांद्यापर्यंत ठकूचा हात तिनं भरून टाकला, आणि तिच्यासमोर ठकू दचकायची ती दचकायचीच. तोवर ठकू म्हातारी झाली. डोळ्यांत मोतीबिंदू आला, चालताना धाप लागायला लागली.

एका सकाळी गोजरानं काडी खाली ठेवली. म्हणाली, "आत्या, तुमच्या हातावर आता जागा ऱ्हायली न्हाई, आन् दुसरं कुणी मला हात देनार न्हाई. मी आपली घरात बसते."

घरात बसणं म्हणजे काय, हे ठकूला कळलं. आता ही कुणाला हात लावायची नाही, आणि हिलाही कुणी लावायचं नाही. ठकूनं डावं मनगट उलटं केलं आणि गोजराच्या मांडीवर ठेवलं.

"हितं हाय की जागा."

गोजरा मागे सरकली. "ती तुमच्या आईची जागा हाय."

"आई मला खुणंबिगर वळखंल. तू टोच."

आजवर गोजरा आपल्या कापणाऱ्या हाताकडे बघत आली होती. त्या सकाळी तिनं अंगठा ठकूच्या नाडीवर ठेवला आणि नुसती बसून राहिली. म्हातारीची नाडी संथ चालत होती. एक ठोका, मग विसावा, मग दुसरा ठोका. गोजरानं सुई उचलली आणि त्या विसाव्यात टेकवली. मग पुढच्या विसाव्यात पुन्हा. त्या वेळी ओढ्याचं पाणी वाहायचं थांबलं होतं आणि झाडावरचे कावळेसुद्धा गप्प होते, असं म्हणतात. ठकू एकदाही दचकली नाही.

गोजरानं हळद लावून पुसलं. पाच ठिपके, आणि वर चंद्राची कोर. हात कापल्याची खूण कुठेही नव्हती. ठकूला दिसत नव्हतं, म्हणून तिनं दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई, आत्या. हात तिकडं गेला."

पाच ठिपके आणि वर कोर, ही ठकूच्या माहेरघराची खूण होती. ती तिनं शेवटची पाहिली होती आईच्या मनगटावर. उभ्या गावात तिनं ती कुणाला सांगितलेली नव्हती. दोघी बाया त्या पालात गळ्यात गळा घालून रडल्या. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी ठेवतो.

सुंदरा तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या कानावर हे गेलं आणि ती लेकीला घेऊन थेट ओढ्यावर आली. राहीच्या गोंदणाचा व्रण तिच्या हातावर अजून होता. तिनं सगळ्यांच्या देखत आपली तान्ही लेक गोजराच्या मांडीवर ठेवली. गोजरानं तिच्या कपाळावर एक ठिपका गोंदला. पोर झोपेतून उठलीसुद्धा नाही. किती वर्षांनी गोजराच्या मांडीवर तान्हं बाळ आलं होतं! तिनं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही, आणि सुंदरानंही मागितलं नाही.

पुढच्या माघात ठकू गेली. तिला न्हाऊ घालायला तिनं शिकवलेल्या सगळ्या आल्या. काही जण सांगतात, की त्या वेळी तिच्या हातावरची सगळी नक्षी आपोआप सरळ झाली, कोंबडीचा मोर झाला. मला हे मुळीच पटत नाही. ती नक्षी वाकडीच होती. प्रत्येकीनं त्या गर्दीतून आपापला वाकडा ठिपका शोधला आणि त्याला हळद लावली. मग ठकू तो हात घेऊन गेली.

आजही माघात त्या तिथीला नांदवेढ्याच्या बाया ओढ्यावर जमतात. ओढ्याला आता पाणी नसतं, घागरी घरून आणतात. ज्यांना गोंदायला येतं त्या न येणारणींपुढे डावा हात धरतात आणि एकेक ठिपका टोचून घेतात. सरळ आला की वाकडा, यावर कुणी बोलायचं नाही. टोचण्याआधी नाडीवर अंगठा ठेवून थांबायचं. जत्रेत मशीनवर गोंदणारा येतो, त्यालाही म्हाताऱ्या बाया मशीन बंद करून आधी नाडी धरायला लावतात. तो बिचारा धरतो.

पहिली सुई कुणाला द्यायची, हेही ठरलेलं आहे. त्या वर्षी गावात ज्या बाईला लोक टाळत असतील, जिच्या सावलीतून पोरं बाजूला घेत असतील, तिला नाव घेऊन पुढे बोलवायचं. तिच्यापुढे पहिला हात पाटलांच्या घरातल्या बाईनं धरायचा. तिचा ठिपका टोचून होईपर्यंत बाकीच्या बायांनी हात पुढे करायचे नाहीत.