दुसरं पिंप

नाशिकच्या सुलभा खैरनारच्या बारमध्ये दर महिन्याला बाहेरच्या एखाद्या ब्रुअरीची बिअर नळावर लागायची. या वेळी पुण्याचे विश्राम रणदिवे आपल्या एकाच बिअरची दोन पिंपं घेऊन जातीने हजर झाले. पहिलं पिंप लागलं आणि गिऱ्हाइकांची तोंडं वाकडी झाली. बिअर आंबट ढाण होती!

"मुद्दाम आंबवलीय," रणदिवे मोठ्याने म्हणाले. "युरोपात लोक हिच्यावर जीव टाकतात. इथल्या जिभांना काय कळणार?"

स्वतःला अडाणी कोण म्हणवून घेणार? सगळे मुकाट्याने घोट घेऊ लागले. सुलभाच्या मनात मात्र पाल चुकचुकली, कारण हे गृहस्थ स्वतः मघापासून नुसता सोडा पीत होते.

थोड्या वेळाने ती पडेल चेहऱ्याने त्यांच्याकडे आली.

"साहेब, घोटाळा झाला. दुसरं पिंप लावलं, तर त्यात आंबटपणाचा मागमूस नाही. बिघडलेलं दिसतंय. ओतून देऊ?"

"अहो, थांबा!" रणदिवे खुर्चीतून उठलेच. "ओतताय काय? तेच चांगलं निघालंय! बिअर तशीच लागायला हवी!"

सगळा बार वळून त्यांच्याकडे बघू लागला.

"म्हणजे पहिलं नासलंय, हे तुमच्याच तोंडून कळलं," सुलभा म्हणाली. "दुसऱ्याचं सील मी अजून तोडलेलंच नाही."