सगू आणि खऱ्या पुस्तकांचं झाड

डोंगराच्या पायथ्याशी, रानाच्या अगदी कडेला एक इवलीशी झोपडी होती. तिच्यात सगुणा नावाची मुलगी आईबरोबर राहायची. आई तिला लाडाने सगू म्हणायची. दोघी पळसाची पानं आणून पत्रावळी टाचायच्या आणि गावात विकायच्या. त्यावरच त्यांची चूल पेटायची.

त्या उन्हाळ्यात मात्र गावाने त्यांच्या पत्रावळी घेणं बंद केलं.

झालं असं, की गावातल्या शेळ्या आजारी पडू लागल्या. त्यांचे डोळे पिवळे दिसायचे, कान नि नाक सुजायचं, उन्हात उभं राहवायचं नाही. या सगळ्या शेळ्या मालनकाकू राखायच्या. त्या एकदा पाणवठ्यावर म्हणाल्या, "सगूची आई रानातल्या मुळ्या ओळखते. शेळ्यांना काय खाऊ घालत असेल, कोण जाणे."

झालं. त्या दिवसापासून सगू गल्लीत आली, की खिडक्या हळूच लागायच्या. आई विहिरीवर गेली, की बायका घागरी उचलून बाजूला सरकायच्या. सगूने मैत्रिणीला करवंदं दिली, तर तिने ती हुंगली आणि गुपचूप गवतात टाकून दिली.

"आई, सगळे आपल्याकडे असं का बघतात?"

"घाबरलेत गं. शेळ्या गेल्या तर पोरांना दूध कुठून मिळणार?" आई म्हणाली. या मायलेकींना गावातून घालवायचं का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर ठरणार होतं.

दुपारी सगू एकटीच पानं आणायला रानात गेली. चालता चालता ती एका मोकळ्या जागेत आली आणि थबकली. समोर बहावा फुलला होता. पिवळ्याधमक झुंबरांमधून पुस्तकं लोंबत होती. निळी, जांभळी, शेंदरी, मोरपंखी. कुठे समुद्रातल्या माशांचं पुस्तक, कुठे ताऱ्यांचं, कुठे आपल्या अंगातल्या हाडांचं, कुठे जुन्या किल्ल्यांचं, तर कुठे उसाचा गूळ कसा होतो त्याचं. आणि एका फांदीवर चाफ्याच्या कळीएवढी परी बसली होती. तिचे चिमुकले पंख चतुर किड्याच्या पंखांसारखे चमचमत होते.

"ये ना, सगू," परी म्हणाली.

सगू पुढे गेली नाही. झाडाआड उभी राहूनच तिने विचारलं, "माझं नाव तुला कुणी सांगितलं? आणि गावात कुणी बोलत नाही, तर तू एवढं गोड का बोलतेस?"

परीला राग आला नाही. "मी या पुस्तकांची राखण करते," ती म्हणाली. "रानात शिरणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव फुलं मला सांगतात. तुला तीन इच्छा मिळतील, आणि प्रत्येक इच्छेला एक पुस्तक. पण नियम आहेत. पुस्तकात वाचलेलं आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, मगच दुसऱ्याला सांगायचं. आणि कुणी बघायला मागितलं, तर पुस्तक लपवायचं नाही. मग तो माणूस तुला आवडो, न आवडो."

"यात लिहिलेलं खरं आहे कशावरून?"

"तपासून बघ," म्हणत परीने मुंग्यांचं लालचुटूक पुस्तक उघडून धरलं. त्यात लिहिलं होतं, की वाटेत भेटलेल्या मुंग्या एकमेकींना मिशांनी चाचपतात. सगू जमिनीवर पालथी पडली. मुंग्यांची रांग चालली होती. समोरासमोर आल्या, की त्या खरंच थांबायच्या, मिशा लावायच्या आणि पुढे जायच्या. सगूच्या चेहऱ्यावरचा ताण जरासा सैलावला.

"मग मला असं पुस्तक दे, ज्यात मालनकाकूंचा सगळा खोटेपणा लिहिलेला असेल," ती म्हणाली.

एक काळं पुस्तक तिच्या हातात पडलं. तिने पानं उलटली. सगळी कोरी.

"कुणावर आळ घेण्यासाठी या झाडावर पुस्तक नाही," परी हळूच म्हणाली. "उत्तर आधीच ठरवून विचारलंस, म्हणून ती इच्छा वाया गेली. आता खरंच जे माहीत नाही, ते विचार."

सगूने मान खाली घातली. मग ती म्हणाली, "शेळ्यांचे डोळे पिवळे कशाने होतात?"

या वेळी हिरवंगार पुस्तक आलं. त्यात गुलाबी-पिवळ्या चिमण्या फुलांच्या गुच्छाचं चित्र होतं. खाली त्या झुडपाचं नाव होतं, घाणेरी. हिचा पाला पोटात गेला, की शेळ्यांचं यकृत बिघडतं, डोळे पिवळे होतात आणि ऊन सोसत नाही. एरवी शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, पण चारा आटला, की खातात.

सगू पुस्तक छातीशी धरून धावत सुटली. ऊन कलताना ती शेळ्यांच्या कुंपणाशी पोचली. कुंपण नवं होतं, ताज्या फांद्यांचं. त्या फांद्यांवर गुलाबी-पिवळे गुच्छ होते, आणि एक करडू मान लांबवून त्यांचा पाला ओरबाडत होतं.

"इथे काय करतेस गं?" मागून मालनकाकू काठी घेऊन आल्या. "आणि ते काय लपवतेस?"

पळून थेट चावडीवर जावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, असं तिच्या मनात आलं. काकूंची मान खाली जाईल, आईची वर होईल. पण तिने पुस्तक पुढे केलं. "लपवत नाही, काकू. तुम्हीच बघा."

"तुझ्या आईचं काही कारस्थान असेल," काकू म्हणाल्या. तरी त्यांनी कुंपणाची एक डहाळी मोडली आणि चित्राशेजारी धरली. पान तेच. फूल तेच. सगूने मजकूर वाचून दाखवला. ऐकता ऐकता काकू खाली बसल्या.

"लांडग्याच्या भीतीने मीच घातलं हे कुंपण," त्या पुटपुटल्या. "आता उद्या चावडीवर सांगशील?"

"आधी शेळ्या सावलीत घेऊ," सगू म्हणाली.

दोघींनी मिळून फांद्या उपसल्या आणि दूर नेऊन टाकल्या. शेळ्यांना पाणी दाखवलं. गुरांच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. सकाळी चावडीवर मालनकाकू स्वतःच उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी होती. या मायलेकींना मी उगाच बोल लावला." एक म्हातारी शेळी वाचली नाही, पण बाकीच्या हळूहळू उठून चरू लागल्या.

काही दिवसांनी काकू झोपडीच्या दाराशी घुटमळत आल्या. "सगू, थंडीत तळ्यावर पाहुणे पक्षी येतात. ते उन्हाळ्यात जातात कुठे? लहानपणापासून विचारायचं होतं. सगळे हसतील म्हणून कधी विचारलं नाही."

सगूकडे एकच इच्छा उरली होती. तिला स्वतःला ताऱ्यांचं पुस्तक हवं होतं, फार हवं होतं. ती बहाव्याखाली गेली आणि म्हणाली, "पाहुण्या पक्ष्यांचं पुस्तक दे. मालनकाकूंसाठी."

परी तिच्या तळहातावर उतरली. "तीन इच्छा झाल्या, आणि शेवटची तू दुसऱ्यासाठी मागितलीस," ती म्हणाली. "आता ही राखण तू कर."

परीच्या पंखांतून सोनेरी उजेड झिरपू लागला. तो फुलांवर सांडला, पानापानांतून वाहिला, आणि त्या लखलखाटात परी विरघळून गेली. फांद्यांवरची सगळी पुस्तकं पाखरांच्या थव्यासारखी उडाली आणि झोपडीत येऊन भिंतीला टेकून बसली.

संध्याकाळी गावातली माणसं एकेक करत आली. आधी दारातून डोकावली, मग आत शिरली, मग पत्रावळी मागू लागली, आणि जाता जाता प्रत्येकाने काही ना काही विचारलं. मालनकाकू मात्र कुणालाही पुढे जाऊ देईनात. चटई अंथरून त्या सर्वांत पुढे बसल्या आणि म्हणाल्या, "आधी माझे पक्षी."

आईने कंदील जवळ सरकवला. सगूने पुस्तक उघडलं.