वडिलांच्या अंगावरचा मुद्देमाल

एका जंगलात वाघ राजा होता, आणि तो निवडून आलेला होता. माझे वडील त्याच्या विधी खात्यात कारकून होते. आम्ही साळिंदरं. त्या जंगलात लेखणी मिळत नसे, म्हणून खात्यात साळिंदरंच नेमायची अशी जुनी रीत होती. अण्णा सकाळी पाठीवरचा एक काटा उपटत, दौतीत बुडवत आणि तो झिजेपर्यंत राजाचे कायदे लिहून काढत. एकतीस वर्षांत त्यांनी सरकारकडे लेखणी मागितली नाही, आणि सरकारनेही त्यांना कधी दिली नाही.

शेवटचा साधा दिवस रविवार होता. अण्णा अंगणात बसून करवंदांच्या लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लिहीत होते. ‘करवंदं. यंदाची. मीठ कमी.’ त्यांचं अक्षर सुंदर होतं. मी मोबाईलवर फोटो काढला आणि ‘आपलं रान’ या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा अंगठे आले. पहिला अंगठा तरस हवालदारांचा होता.

त्याच्या महिनाभर आधी रानडुकरांनी मोहफुलांचं सरकारी कोठार तीन दिवसांत खाल्लं होतं. डुकरंच कोठार संरक्षण समितीची सभासद होती, त्यामुळे किल्ली शोधावी लागली नाही. जंगल उपाशी राहिलं तेव्हा राजाने सभा घेतली.

“माझ्या बंधूंनो, भगिनींनो, आणि कालपर्यंत जे आपल्यात होते त्या सर्वांनो,” राजा म्हणाला, “या जंगलात यापुढे चोराला थारा नाही. मोठा चोर पळून कुठे जाणार? त्याचं पोटच त्याला पळू देणार नाही. धोका लहान चोराचा आहे. तो दिसत नाही. तो तुमच्या शेजारी बसलेला असेल.”

सगळ्यांनी शेजारी पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

कायदा आठवड्यात तयार झाला. तो लिहायला अण्णांकडेच आला. कलम चौदा असं होतं : सरकारी कामात वापरलेली, वापरात असलेली किंवा वापरता येण्याजोगी प्रत्येक वस्तू सरकारची, ती घरी नेणे म्हणजे नोकराने केलेली चोरी. अण्णांनी काटा खाली ठेवला आणि ते खातेप्रमुख कोल्ह्यांकडे गेले.

“साहेब, या कलमात माझी जरा अडचण होईल.”

“अण्णा, तुमचं काम अक्षर,” कोल्हेसाहेब म्हणाले. “अर्थाचं आम्ही बघतो.”

अण्णांनी कलम पूर्ण केलं. वळण नेहमीसारखंच आलं.

सोमवारी सकाळी तरस हवालदार दारात आले.

“अण्णा, चौकीवर यावं लागतंय. तुमच्या अंगावर सरकारी माल आहे.”

“किती?”

“तेच मोजतोय. हलू नका, टोचतंय मला.”

मी म्हणाले, “हवालदार, काल तुम्हीच त्या फोटोला अंगठा दिलात.”

“तो अंगठा नव्हता ताई. ती पाळत होती.”

आरोप तीन निघाले. सरकारी काटे रोज घरी नेले, ही नोकराची चोरी. त्यातला एक खासगी लोणच्यासाठी वापरला, हा विश्वासघात. आणि ‘मीठ कमी’ असं लिहून जंगलात मिठाचा तुटवडा असल्याची अफवा मोबाईलवरून पसरू दिली, हा तिसरा. फोटो माझा होता, पण अक्षर त्यांचं, आणि कायद्याला अक्षर ओळखता येत होतं. अंगठे देणारे सहआरोपी होऊ शकतात असं चौकीने कळवल्यावर दुपारपर्यंत दोनशे अकरा अंगठे मागे गेले. एक राहिला, हवालदारांचा. तो काढता येईना, कारण तो पुरावा होता.

न्यायमूर्ती घुबड होते. कोर्ट दिवसा चाले आणि दिवसा त्यांना दिसत नसे. निःपक्षपातीपणासाठी त्यांची ख्याती होती. अकरा तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला अण्णांच्या पाठीवरचे काटे मोजले जात, आणि गळलेल्या काट्यांबद्दल पुरावा नष्ट केल्याची नोटीस येई. ते चालताना मागे वळून बघायला लागले.

आमचा वकील ससा होता. तो म्हणाला, “लहान गुन्हा आहे, ताई. लढाल तर सात वर्षं जातील. कबूल करा, दहा काटे दंड भरा, दुपारच्या जेवणाला घरी या. सगळे हेच करतात.”

मला ते पटलं. त्यांना दुखत होतं, मी थकले होते, आणि हे सगळं एका सहीत संपत होतं.

“अण्णा, कबूल करून टाका.”

“चोरी?”

“कागदावरच हो. आपल्याला माहीत आहे ना खरं काय ते.”

“बाई,” अण्णा म्हणाले, “मी आयुष्यभर कागदावरच लिहिलं.”

मग त्यांनी सही केली. सहीसाठी काटा कोर्टाने दिला. तो त्यांच्याच पाठीवरून काढला होता, आणि त्याची पोच घेतली.

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. मी बरण्यांवर चिठ्ठ्या लावायचं सोडून दिलं. ग्रुपवर कुणीतरी ‘चोर’ म्हणून हसरं तोंड टाकलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. माघ महिन्यात एका दुपारी ते गेले. मातीची तयारी चालली होती तेवढ्यात हवालदार नोटीस घेऊन आले : मयत हा शाबित गुन्हेगार असून त्याच्या अंगावरचा मुद्देमाल वारसाने जमा करावा, तोवर देह पुरू नये.

मी तशीच कोर्टात गेले. माझ्या आधी कोठाराचा खटला होता. रानडुकरं पुढच्या खुर्च्यांवर बसली होती. सरकारी वकील म्हणून कोल्हेसाहेबच उभे होते.

“महाराज, हे सभ्य गृहस्थ नदीच्या या काठावर होते तोवर आरोपी होते. राजवाडा पलीकडे आहे. परवा त्यांनी नदी ओलांडून राजेसाहेबांच्या काठावर प्रवेश केला. ओलांडताना अंग धुतलं गेलं.”

“आणि पुरावा?” घुबडांनी डोळे न उघडता विचारलं.

“तो अंगावरच होता, महाराज.”

“खटला निकाली.”

एका डुकराने ढेकर दिली. त्याची नोंद झाली नाही.

मग माझा पुकारा झाला. कोल्हेसाहेब मवाळ आवाजात बोलले. अण्णांनी त्यांच्या हाताखाली एकतीस वर्षं काढली होती.

“ताई, सरकार निर्दय नाही. मेलेल्याची पाठ सोलायची हौस कुणाला आहे? कबुली त्यांनी दिलीच होती. वारस म्हणून तुम्ही एक ओळ लिहून द्या, ‘माझे वडील चोर होते.’ काटे त्यांच्या अंगावर राहतील. तशीच माती द्या. नाहीतर हवालदार आत्ता घरी निघतील.”

दारात हवालदार चिमटा घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यासमोर कागद ठेवला गेला. एक ओळ, एक सही, आणि अण्णा जसे होते तसे मातीत गेले असते. ससा वकील हळूच म्हणाला, “कागदावरच आहे, ताई. लिहा.”

मी कागद परत सरकवला.

“काही म्हणायचं आहे?” न्यायमूर्तींनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “माझे वडील चोर नव्हते. ते फक्त नदीच्या या काठावर राहत होते.”